प्रोसेसरवर पाण्याचा ब्लॉक बसवताना

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार! एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की आपण पंख्याखाली आडवे होतो. पण कॉम्प्युटरने काय करायचं? माझा पीसी सेकंडहँड आहे. त्यात 2011 साली बाजारात आलेला आय-सेव्हन 2600, म्हणजे 95 वॅटचा प्रोसेसर. प्रोजेक्टचं सिम्युलेशन रात्री लावलं की तापमान नव्वदीपार जातं, मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी स्पीड कमी करतो आणि चार तासांचं काम सकाळपर्यंत रेंगाळतं. नवीन पीसी घ्यायचं बजेट नाही, आणि सबमिशनची तारीख आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून घरच्या घरी वॉटर कूलिंग करायचं ठरवलं.

कल्पना सोपी आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यालाच वॉटर ब्लॉक म्हणतात. पंप त्यातून पाणी फिरवतो, गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन हवेला उष्णता देतं आणि परत येतं. ही काही नुसत्या हौशी पोरांची गंमत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये 2019 साली सी-डॅकने उभारलेला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटरसुद्धा अशाच प्रकारे, पाण्याने थेट उष्णता काढून घेऊन थंड ठेवतात.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो पंपाचा. किती मोठा घेऊ? गणित करून बघा. मिनिटाला एक लिटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण 16.7 ग्रॅम. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला 4.18 ज्यूल लागतात. म्हणजे 95 वॅटने ते पाणी ब्लॉकमधून जाताना तापतं जेमतेम 1.4 अंश! तेव्हा पंप छोटा चालतो. (कूलरचा 230 व्होल्टचा पंप पीसीजवळच्या बादलीत सोडू नका, 12 व्होल्टचा घ्या. शॉकशी खेळ नको.)

खरी परीक्षा असते ब्लॉक आणि प्रोसेसर जिथे टेकतात तिथे. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसतात, पण मध्ये केसाएवढी, म्हणजे 0.05 मिलिमीटर फट राहिली असं समजा. 3 बाय 3 सेंटिमीटरच्या जागेत तेवढा हवेचा थर असेल तर 95 वॅट पार करायला सूत्राप्रमाणे सुमारे 200 अंशांचा फरक लागेल. त्याच फटीत बऱ्यापैकी थर्मल पेस्ट असेल तर फक्त सव्वा-दीड अंश. पेस्ट सगळीकडे सारखी आणि पातळ पसरायची असेल तर ब्लॉक चारही बाजूंनी सारख्या जोराने दाबला गेला पाहिजे. सगळा खेळ इथेच आहे.

माझ्या ब्लॉकबरोबर आलेला ब्रॅकेट एएम-4 सॉकेटचा होता. त्याची भोकं 54 बाय 90 मिलिमीटरवर. माझ्या 1155 सॉकेटच्या बोर्डाची भोकं 75 मिलिमीटरच्या चौकोनात. मेळ बसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे माउंट स्वतः बनवणं आलं.

वरून दाबायला वर्कशॉपमधला 3 मिलिमीटरचा एमएस पत्रा घेतला, 95 मिलिमीटरचा चौकोन. मध्ये नळ्यांसाठी खिडकी, कोपऱ्यांत 3.2 मिलिमीटरची चार भोकं. भोकांचा नकाशा कागदावर प्रिंट करून पत्र्यावर चिकटवला आणि पंच मारला. प्रिंट काढल्यावर पट्टीने 75 मोजून बघा, कारण प्रिंटर गुपचूप साइज बदलतो. बोर्डाच्या मागे 5 मिलिमीटर हायलम शीट लावली, इलेक्ट्रिकच्या दुकानात स्विचबोर्डसाठी मिळते ती. तिथे धातू लावला तर बोर्डामागचे सोल्डरचे ठिपके शॉर्ट होण्याची भीती, हायलममधून करंट जात नाही. चार एम-3, 50 मिलिमीटर लांब स्क्रू मागून घातले आणि बोर्डातून जातात तिथे त्यांच्यावर वायरचं प्लास्टिक कव्हर चढवलं.

आता नट पिळून मोकळं व्हायचं का? नाही! चार पायांची खुर्ची फरशीवर डुगडुगते, तीन पायांचं स्टूल कधीच डुगडुगत नाही. चार स्क्रूंचं तसंच आहे. एक पिळला की समोरचा सैल पडतो. पत्रा कडक असतो, त्यामुळे नटाच्या पाव फेऱ्यानेही दाब एकदम वाढतो आणि तो सगळा बोर्डाच्या एका कोपऱ्यावर येतो. बोर्ड तडकला तर प्रोजेक्ट संपलाच.

यावर उपाय म्हणजे स्प्रिंग, आणि तो जुना आहे. आयबीएमने 1980 साली 3081 हा मेनफ्रेम आणला, त्यात प्रत्येक चिपवर ॲल्युमिनियमचा एकेक छोटा दट्ट्या स्प्रिंगने दाबलेला होता आणि वरून थंड पाणी फिरत होतं. मला चारच स्प्रिंगा हव्या होत्या. पूर्व भागात पॉवरलूमच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. “ताई, कुठल्या लूमला पाहिजे?” “काका, कॉम्प्युटरला.” काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डबाच पुढे ठेवला.

त्यातल्या घेतलेल्या स्प्रिंगांची तार 1 मिलिमीटर, सरासरी व्यास 7, कामाचे वेढे 6, मोकळी लांबी 18. मशीन डिझाइनचं सूत्र आठवा: तारेच्या जाडीचा चौथा घात वर, व्यासाचा घन आणि वेढे खाली. उत्तर येतं मिलिमीटरला 4.9 न्यूटन. प्रत्येक स्प्रिंग 6 मिलिमीटर दाबली तर 29 न्यूटन, चार मिळून सुमारे 117, म्हणजे जवळजवळ 12 किलोचा भार. तुमच्या प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये किती भार चालतो ते आधी पाहून घ्या. आता एखादा नट पाव फेरा इकडेतिकडे झाला तर 0.125 मिलिमीटर, म्हणजे फक्त 0.6 न्यूटनचा फरक! हाताने केलेल्या कामातली उणीव स्प्रिंग पोटात घालते.

पिळताना समोरासमोरचे नट अर्धा-अर्धा फेरा घ्यायचे. शेवटी फर्स्ट इयरचं व्हर्निअर काढून चारही स्प्रिंगा 12 मिलिमीटरवर आहेत का ते मोजायचं आणि वर दुसरा नट लॉक म्हणून घट्ट करायचा. मग एकदा सगळं उघडून पेस्टचा ठसा बघा. मध्ये पातळ आणि कडेला सारखी रेघ असेल तर ठीक. एका बाजूला जाड दिसली तर पत्रा तपासा, बहुधा तो वाकलेला असतो. पाणी भरून गळतीची टेस्ट मात्र ब्लॉक बोर्डावर चढवण्याआधीच, खाली वर्तमानपत्र पसरून, चोवीस तास. पाणी डिस्टिल्डच. आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका, ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. नळ्या कॅबिनेटला बांधा, नाहीतर उभ्या बोर्डावर त्यांचं वजन ब्लॉकला खाली ओढतं आणि इतका मोजून ठेवलेला दाब वाया जातो.

खोलीत 38 अंश असताना रात्रभर सिम्युलेशन चाललं, प्रोसेसर सत्तरीच्या आसपास राहिला. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हे लक्षात ठेवा. पण आपल्याकडची हवा कोरडी. 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या वाळ्यातून जाणारी हवा जास्तीत जास्त 24 अंशांपर्यंत उतरू शकते, आणि तेवढ्या थंडाव्याने ब्लॉकवर दव धरत नाही. म्हणजे रेडिएटर कूलरसमोर ठेवायला हवा. कूलर घरात एकच आहे, आणि तो आजीच्या खोलीत आहे. बोलणी चालू आहेत.