रेलाचा क्यू मेमरी कार्डवर

प्लेअर भाड्याचा असला तरी क्यू आपल्या खिशात असले पाहिजेत. एटापल्ली, आलापल्ली, अहेरीकडच्या लग्नांत वाजवणाऱ्या पोरांनी एवढी एक सवय लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. गाणी आणि त्यांवरच्या खुणा, म्हणजे क्यू, दोन्ही मेमरी कार्डवर असल्या, की समोर कोणता का प्लेअर येईना, काम अडत नाही.

सूरजागडच्या बाजूला याची गरज जास्त आहे, कारण इथे रेला हे नाचगाणे वाजवायचे असते. माडिया मुलींची रांग ओळ उचलते, समोरची रांग ती झेलते आणि नाच रंगला की ढोलाची लय चढत जाते. माणसाच्या हातचा ठेका आहे तो. स्टुडिओत तयार झालेल्या रिमिक्सची बीट शेवटपर्यंत एकसारखी चालते. गावात रेकॉर्ड केलेल्या रेलाची नाही. सॉफ्टवेअरने आखलेली बीटची जाळी दोन-चार ओळींतच सरकते आणि सिंकच्या भरवशावर राहिलात तर ऐन नाचात दोन ढोल एकमेकांवर आदळतात. तिथे कानाने लावलेला क्यू पॉइंटच कामी येतो.

आधी कार्ड निवडा. पायोनियरच्या सीडीजे-२००० मालिकेत आणि सीडीजे-३००० मध्ये एसडी कार्डची खाच आहे. ३२ जीबीपर्यंतचे, पूर्ण आकाराचे कार्ड घ्या आणि ते फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. ६४ जीबीची कार्डे दुकानातून एक्सफॅटमध्ये येतात आणि २००० मालिकेतले प्लेअर ती वाचत नाहीत. मोबाइलचे छोटे कार्ड अॅडॉप्टरमध्ये घालून चालवता येते, पण बेसच्या हादऱ्याने त्याचा संपर्क सुटू शकतो. मी ते टाळायलाच सांगेन. कुणाकडे २००१ चा जुना सीडीजे-१००० असेल तर त्याला एमएमसी कार्ड लागते. एसडी कार्ड त्याहून जाड असते, ते त्या खाचेत कोंबू नका. त्या जमान्यात गाणी सीडीवर असत आणि कार्डवर फक्त खुणा साठत.

आता कार्ड हातात घेऊन त्याची डावी कड पाहा. तिथे नखाने सरकवायची एक बारीक खिट्टी असते. ती खाली, लॉककडे गेलेली असेल तर गाणी वाजतील, पण एकही क्यू साठणार नाही. खिशातून काढताना ती नकळत सरकते. क्यू साठत नाही अशी तक्रार आली, की आधी ही खिट्टी तपासा.

घरी लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर उघडून गाणी आत घ्या, त्यांचे विश्लेषण होऊ द्या आणि मग ती कार्डवर एक्स्पोर्ट करा. नुसत्या फाइली कॉपी करून भागवू नका. एक्स्पोर्ट केले की वेव्हफॉर्म, प्लेलिस्ट आणि खुणा सगळे सोबत जाते. रेलाचे रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः केले असेल तर गाणाऱ्यांना विचारूनच ते लग्नात वाजवा. आणि ठाकूरदेवाच्या यात्रेत डीजे नेऊ नका. ७० गावांचा सूरजागड इलाखा तिथे स्वतःच्या ढोलावर जमतो.

कार्यक्रमाच्या जागी कार्ड घाला, झाकण असेल तर लावा, एसडी निवडून गाणे लोड करा. आता खरे काम. ढोलाची पहिली ठाम थाप जवळ आली की प्ले-पॉजचे बटण दाबून गाणे थांबवा. हेडफोन कानाला लावून जॉग हळूहळू मागे-पुढे फिरवा. थाप नेमकी जिथे सुरू होते, तिच्या केसभर अलीकडे थांबा आणि क्यू दाबा. प्ले दाबून ऐका. थापेचा पहिला टणका कापला जात असेल तर आणखी जरा मागे या आणि पुन्हा क्यू दाबा. जमले, की मेमरीचे बटण दाबा. वेव्हफॉर्मच्या वर खूण उमटेल. मेमरी दाबायचे राहिले तर पुढचे गाणे लोड होताच तो क्यू गेला म्हणून समजा.

एका गाण्यावर असे १० क्यू साठतात, पण रेलाला तीन पुरतात: पहिली थाप, दुसरी रांग ओळ झेलते ती जागा, आणि लय चढल्यानंतरचा ठेका. मिक्स करताना बहुधा तिसराच लागतो. कॉलच्या बाणांनी हव्या त्या खुणेवर जाता येते. प्लेअर तिथे थांबून प्लेची वाट पाहतो. न थांबता उडी हवी असेल तर तीच जागा हॉट क्यूवर घ्या. नको असलेली खूण कॉल करून डिलीट करा.

ऑटो क्यूकडे लक्ष असू द्या. सुरुवातीची शांतता ओलांडून पहिल्या आवाजावर तो थांबतो. मैदानात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो पहिला आवाज कुणाचा खोकला असू शकतो, नाहीतर कोंबड्याची बांग. सेटिंगमध्ये ऑटो क्यूची पातळी मेमरीवर ठेवा, म्हणजे गाणे थेट तुम्ही साठवलेल्या पहिल्या खुणेवर उभे राहते.

दोन प्लेअर असतील तर लॅन केबलने जोडा. एकाच कार्डवरची गाणी दोन्हीकडे वाजतात. पण मग ते कार्ड मध्येच उपसू नका. काढायच्या वेळी झाकण उघडा, एसडीचा दिवा विझू द्या, मगच कार्ड दाबून बाहेर घ्या. दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढले किंवा जनरेटर बंद पडला, तर साठवलेली माहिती बिघडू शकते. म्हणून प्लेअरपुरता तरी एक छोटा यूपीएस हवाच. सूरजागडच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची लाल धूळ असते. कार्ड प्लास्टिकच्या डबीतच ठेवा आणि गाडीतून उतरल्यावर हात पुसूनच त्याला हात लावा.

घरी परतल्यावर कार्ड लॅपटॉपला लावा, पण लगेच नवी गाणी एक्स्पोर्ट करू नका. रेकॉर्डबॉक्समध्ये कार्डवरची गाणी निवडून आधी अपडेट कलेक्शन करा, म्हणजे रात्री प्लेअरवर लावलेले क्यू लॅपटॉपच्या संग्रहात येतात. हे न करता तीच गाणी पुन्हा एक्स्पोर्ट केली तर जुन्या खुणा नव्यांवर चढून बसतात. क्यू नीट आलेले दिसले, की तोच संग्रह दुसऱ्या कार्डवरही एक्स्पोर्ट करा आणि ते कार्ड वेगळ्या पिशवीत ठेवा.