अणुभट्टी बंद केल्यानंतरचा धोका

कोळशाच्या भट्टीस इंधन घालणे थांबविले म्हणजे ती काही वेळाने निवते. अणुभट्टीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील मुख्य क्रिया नियंत्रक दांड्यांच्या साहाय्याने काही सेकंदांत थांबविता येते. परंतु तिची उष्णता तितक्या लवकर थांबविता येत नाही. अणुवीजकेंद्राचा सर्वांत मोठा धोका याच गोष्टीतून उद्भवतो.

ही उष्णता येते कोठून? युरेनियमच्या अणुगर्भाचे विखंडन झाले म्हणजे त्याचे दोन लहान तुकडे होतात. हे तुकडे बहुधा अस्थिर असतात आणि किरण बाहेर टाकीत हळूहळू स्थिर होतात. विखंडन थांबले तरी हा क्षय चालूच राहतो. भट्टी बंद केल्या क्षणी ही अवशिष्ट उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. एका दिवसानंतर ती सुमारे अर्धा टक्का उरते.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नव्हे, असे कोणास वाटेल. महाराष्ट्रातील तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. तेथे २००५ व २००६ साली सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या प्रत्येक संचात सुमारे १,७०० मेगावॅट उष्णता निर्माण होते. तिचा अर्धा टक्का म्हणजे साडेआठ मेगावॅट. दोन किलोवॅटच्या चार हजारांहून अधिक विजेच्या शेगड्या एकाच वेळी पेटविल्याप्रमाणे! ही उष्णता सतत वाहून न्यावी लागते. त्यासाठी पाणी पाहिजे, पंप पाहिजेत आणि पंपांसाठी वीज पाहिजे. यांपैकी एखादे तुटले आणि पर्यायी सोयही नसली तर इंधन वितळू शकते.

३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली व तारा जळाल्या. केंद्र सुमारे १७ तास विजेवाचून राहिले. कर्मचाऱ्यांनी आग विझविण्याचे डिझेल पंप चालवून पाणी पुरविले, म्हणून अनर्थ टळला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी तामिळनाडूतील कल्पाक्कम केंद्राच्या पंपघरात शिरले. चालू असलेला संच सुरक्षितपणे बंद करण्यात आला. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे मात्र दैव अनुकूल नव्हते. भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. परंतु त्यामागून आलेल्या लाटांनी डिझेल जनित्रे निकामी केली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. दीड लाखांच्या आसपास लोकांना घरे सोडावी लागली.

याच किरणोत्सारी तुकड्यांमुळे दुसरी अडचणही उत्पन्न होते. वापरलेले इंधन भट्टीतून काढल्यावर प्रथम कित्येक वर्षे पाण्याखाली निववावे लागते. त्यातील सीझियम-१३७ निम्मे होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात, तर इंधनातच तयार होणारे प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे. अत्यंत किरणोत्सारी अवशेष काचेत गोठवून ठेवण्याची सोय तारापूर येथे आहे. तथापि काचेत बंदिस्त केल्याने त्यांचे आयुष्य कमी होत नाही.

अणुवीजकेंद्र धूर सोडीत नाही, हा त्याचा गुण खरा. परंतु त्याची वीज जे वापरतात, त्यांच्यामागून येणाऱ्या अनेक पिढ्यांना त्याची राखण करावी लागते. म्हणून अशा केंद्राचे मोल ठरविताना ते चालू असतानाच्या खर्चाबरोबरच ते बंद झाल्यानंतरच्या जबाबदारीचाही हिशेब मांडला पाहिजे.