कोयतीचे पाणी

परळ, मुंबई
श्रावण वद्य पंचमी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

सावंतवाडीहून आलेल्या गाववाल्याने परवा जे वर्तमान सांगितले, ते खोटे ठरावे अशी इच्छा धरूनच लिहीत आहे. बांद्याकडील एका पाडेल्याची कोयती, पावसाने निसरड्या झालेल्या माडाच्या शेंड्यावर झावळ तोडताना मधोमध मोडली, आणि पात्यावर ठसा आपल्या लोहारसाळेचा होता! माणूस बचावला, परंतु त्यात तुझे कर्तृत्व काय?

व्यापाऱ्यांची मागणी पुरी करण्याच्या घाईत तू लाल पाते विझवून थेट ग्राइंडरवर धरतोस, असाही बोभाटा आहे. कमानपाट्याचे पोलाद असे नुसते विझविले की काचेसारखे ठिसूळ होते, हे तुला ठाऊक नाही काय? पाते घासून, पाठीकडून पुन्हा मंद ऊब देऊन, पिवळ्यामागून तांबूस आणि तांबूसमागून जांभळा रंग धारेपाशी सरकेपर्यंत थांबावे लागते. साळ अंधारी ठेवण्याचा आपला दस्तूर विझविण्याआधीचा लाल रंग पारखण्यासाठी; हे रंग मात्र उजेडातच पाहावे लागतात. ग्राइंडरवर धार निळी पडली, म्हणजे दिलेले पाणीही गेले. आणि त्या कोयतीच्या भरवशावर कोणी माडावर चढतो, बाळ!

आजोबा मला भात्यावर बसवून म्हणत, "आधी रंग बघ, मगे पाणी दी." माझे चित्त मात्र वेंगुर्ल्याच्या बंदरात लागणाऱ्या आगबोटीत. पुढे गिरणीच्या दुरुस्तीखात्यात काटा पाहून पोलाद तापविण्यात उमर गेली. तो रंग ओळखणारी नजर तुझ्या वडिलांनी उचलली, मला ती लाभली नाही, याची खंत अद्याप जात नाही. सावंतवाडी संस्थानचा शिक्का १९४८ साली विलीनीकरणात गेला. आपला ठसा मात्र गिऱ्हाइकांनी अजून चालू ठेवला आहे.

बलुत्याचे भात केव्हाच बंद झाले, कोळसा महागला, बाजारात कारखान्याचा कोयता स्वस्त मिळतो, हे मला कळत नाही असे समजू नकोस. वडिलांच्या पश्चात एकट्याने भट्टी पेटती ठेवलीस. आमच्यापैकी कोणाकडून हे झाले नाही. म्हणून व्यापाऱ्याला चार कोयत्या कमी दे, पण त्या पाडेल्याकडे जातीने जाऊन नवी देऊन ये. पैसे घेऊ नकोस. मनिऑर्डर मी करतो.

तुझा उजवा हात भाजला आहे, असेही तो गाववाला म्हणाला. माझ्या मागील पत्राच्या उत्तरात तू त्याविषयी अवाक्षर लिहिले नाहीस. डॉक्टरला दाखव. चतुर्थीला मी येतोच आहे. तोवर, रागावला असलास तरी, दोन ओळी पाठव.

तुझा,
थोरला काका