उजवं चाक मी आल्याशिवाय खोलू नकोस

भवानीनगर, ता. इंदापूर

चि. बाळूस मामाचा आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. पोरानं पिकअपच्या डाव्या चाकाची डिस्क नि पॅड घरीच बदलले, उजवं राहिलंय, म्हणाली. मला बरं वाटलं. मग बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं, की गाडी नुसत्या जॅकवर होती आणि तू खाली सरकला होतास. तेव्हापासून झोप नाही.

अरे, जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. सील गळालं की गाडी खाली बसते. त्यात तुमच्या निमगावच्या अंगणात भुसभुशीत माती! शेजारच्या पोराबरोबर दोन घोड्या पाठवल्यात. जॅकखाली जाड फळी घाल, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव, नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले कर आणि चासीचा भार घोड्यांवर दे.

कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नकोस, तारेनं वर बांध. पिस्टन सावकाश दाब, डबीतलं ऑइल वर येतं, ते सांडलं तर रंग जातो. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेल असतं; क्लीनरनं पूर्ण पुसून काढ. चाक चढलं की गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिले दाब पोकळच जातात. आणि एक बाजू नवी, एक जुनी अशी गाडी रस्त्यावर काढू नकोस. ब्रेक मारला की ती एकीकडे ओढते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या पुढे असताना डाळिंबाचे क्रेट भरून निघतोस, तेव्हा हे ध्यानात ठेव.

पण हे सगळं नंतर. आधी घोड्या.

रागावलो असेन. मलाही तुझ्या वयात गॅरेज काढायचं होतं. घरची ओढाताण होती, कारखान्यात चिकटलो आणि ती हौस तशीच राहिली. तुझ्या हातात पाना आहे, हे ऐकून म्हणूनच जीव सुखावतो. तुझा हात चांगला आहे, बाळू. तो शिकू दे, पण जपून.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. काम तूच कर, मी शेजारी बसून पाने देईन. भावजींनंतर ताईला तुझ्याशिवाय कोण आहे? आणि मलाही.

तुझा,
मामा