पावसाचं पाणी आंबट असतं का?

प्रश्न : गच्चीत बादली ठेवून पावसाचं पाणी धरलं आणि त्यात पीएचची पट्टी बुडवली. रंग साडेपाचचा आला. आमच्याकडे आम्लवर्षा होते, असं समजायचं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : शुद्ध पाण्याचा पीएच 7, तेव्हा साडेपाच म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय, असं तुम्हाला वाटलं. पण पावसाचं मोजमाप 7 पासून करत नाहीत. थेंब पडता पडता हवेतला कार्बन डायऑक्साइड पितो आणि त्याचं सौम्य आम्ल बनतं. त्यामुळे अगदी निर्मळ हवेतल्या पावसाचाही पीएच 5.6च्या आसपास असतो. तुमचा आकडा त्याला लागूनच आहे.

खरा पेच पुढे आहे. आपल्याकडच्या धुळीत चुन्याचा अंश बराच असतो आणि तो आम्ल मारतो. म्हणून भारतात अनेक ठिकाणी पावसाचा पीएच 6 ते 7 भरतो. धुराड्यांतून आलेलं सल्फेट आणि गाड्यांच्या धुरातून आलेलं नायट्रेट मात्र पाण्यात तसंच राहतं. उलट झड लागून धूळ धुऊन निघाली की पाणी अधिक स्वच्छ होतं, पण पीएच उतरू शकतो! नुसत्या पीएचवर पावसाची परीक्षा करू नये, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

शिवाय तुमची बादली उघडी होती. पाऊस नसतानाही तिच्यात धूळ पडते, गच्चीच्या सिमेंटवरून शिंतोडे उडतात. प्रयोगशाळेच्या भांड्याचं झाकण पावसाचा थेंब पडल्यावरच उघडतं आणि सर थांबली की मिटतं. पट्टीचंही फार मनावर घेऊ नका. पावसाच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात, की पट्टीवरच्या रंगानेच आकडा सरकतो.

आपल्या उष्ण हवेत आणखी एक घोळ होतो. नमुना तसाच ठेवला तर सूक्ष्मजीव त्यातलं अमोनियम आणि सेंद्रिय आम्लं खाऊन टाकतात. त्यामुळे तो थंड ठेवतात, किंवा त्यात थायमॉलचे खडे घालतात; ओव्याला वास येतो तो याच द्रव्यामुळे.

मग सोडियम, कॅल्शियम, अमोनियम एका बाजूला आणि क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला मोजतात. दोन्हींचे विद्युतभार जवळपास जुळले नाहीत, तर मोजणी पुन्हा करायची. कोकणात सोडियम आणि क्लोराइड जास्त निघालं तर दचकू नका. ते समुद्राचं मीठ आहे.

घरी करायचंच असेल, तर धुतलेलं प्लास्टिकचं भांडं कठड्यापासून दूर, स्टुलावर ठेवा, तेही सर सुरू झाल्यावर. पहिल्या सरीचं आणि तासाभरानंतरचं पाणी वेगळं धरा. त्याच दिवशी दोन्हींचा पीएच मीटरने मोजा आणि काटा स्थिरावेपर्यंत थांबा.