ताटीबाहेरची हाक

॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥



*गुरुवारचा पाठ : अबोल साधक आणि आपण*

आमच्या बडोद्याच्या केंद्रात दर गुरुवारी दासबोधाचा एक समास पाळीपाळीने वाचतात. ग्रंथाचे समास २००, म्हणजे एक आवर्तन पुरं व्हायला जवळपास ४ वर्षं लागतात. मागच्या आवर्तनात जे घडलं ते आज लिहितो आहोत, कारण चूक आम्हा सगळ्यांची होती.

एक काका नेमाने यायचे. आरतीच्या आधी सतरंज्या अंथरायच्या, शेवटच्या ओळीत खांबाला टेकून बसायचं, प्रसाद झाला की सतरंज्या झटकून घड्या घालायच्या. बोलणं जवळजवळ नाहीच. शाळा गुजराती माध्यमातली, त्यामुळे पोथी वाचता यायची पण सावकाश. एका गुरुवारी आम्ही त्यांना आग्रह केला, "काका, तुम्ही कधीच वाचत नाही, आज तुम्हीच वाचा," आणि ग्रंथ त्यांच्यापुढे सरकवला. एका जोडशब्दाला ते अडखळले. कोणीतरी हसलं. हसण्यात खोट नव्हती, पण हसू सगळ्यांनी ऐकलं. काकांनी समास पुरा केला, ग्रंथाला नमस्कार केला, सतरंज्यांच्या घड्या घातल्या आणि गेले.

ते येत नाहीत हे आमच्या लक्षात यायला ४ गुरुवार लागले. तेही सतरंज्या तशाच पडून राहिल्या म्हणून. मग आम्ही दुसरी चूक केली. ग्रुपवर लिहिलं, "काका, कुठे आहात? सगळे वाट बघतात 🙏" त्याखाली भराभर हात जोडले गेले. संध्याकाळी काका ग्रुपमधून बाहेर पडले.

*मुक्ताईने काय केलं?*

परंपरेतली कथा आपल्याला ठाऊक आहे. कोणाच्या तरी टोचून बोलण्याने ज्ञानेश्वर महाराज व्यथित झाले आणि ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताई बाहेर उभी राहिली. तिने गाव गोळा केलं नाही, दार ढकललं नाही, 'झालं तरी काय' म्हणून जाबही विचारला नाही. प्रेमाने, हक्काने, ते कोण आहेत याची त्यांना आठवण करून देत राहिली. एक हाक मारून परत फिरली नाही, म्हणून तर ताटीच्या अभंगांची अख्खी मालिका झाली. ताटी आतून उघडायची असते. आपल्या हातात आहे ते बाहेर थांबणं.

आमचा ग्रुपवरचा निरोप म्हणजे गाव गोळा करून दार वाजवणं होतं.

*मौन दोन प्रकारचं*

पहिलं स्वभावाचं. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं हे पाहिलं, ही कथा आठवा. बाकीचे शांत बसले, नामदेव महाराज रागावले आणि कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांना ते शरण गेले. म्हणजे गप्प बसलेला तो कच्चा, असं समजू नये. मात्र थापटून बघायचा अधिकार गोरोबांचा. आम्ही ग्रंथ पुढे सरकवून तेच केलं, आणि तो अधिकार आमचा नव्हता.

दुसरं मौन दुखावल्याचं. ते ओळखावं कसं? स्वभावाने अबोल माणूस आपल्या जागी स्वस्थ बसतो, वेळेवर येतो, निघायची घाई करत नाही. दुखावलेला दर गुरुवारी दाराच्या थोडा आणखी जवळ बसतो. उशिरा येतो, प्रसादाआधी उठतो.

*पुढे काय झालं*

आमच्यातले दोघं काकांच्या घरी गेले. केंद्राचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच गेले. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. जो हसला होता तोही नंतर एकटा जाऊन क्षमा मागून आला. तिसऱ्या खेपेला काकांनीच विचारलं, "आता कुठला समास चालू आहे?" परत यायला त्यांना काही महिने लागले. आल्यावर म्हणाले, "मला ऐकायला आवडतं. वाचायला लावू नका."

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन त्यानंतर. हे आम्ही ग्रंथात वाचत होतो, आणि श्रवण करणाऱ्यालाच 'काही करत नाही' समजत होतो.

*सेवेकऱ्यांसाठी*

१. वाचनाबद्दल आदल्या गुरुवारी, एकट्यात विचारा. समास आधी सांगा. 'नको' म्हणाले तर तिथेच थांबा, कारण विचारू नका.

२. अबोल माणसाला जोडीने सेवा द्या. वाती वळणं, फुलं निवडणं, गंध उगाळणं. हात कामात असले की बोलणं आपसूक निघतं, नाही निघालं तरी सोबत होतेच.

३. उच्चार चुकला तर हसू नका, मध्येच दुरुस्तही करू नका. गुजराती घरातून आलेल्या सुना, इंग्रजी शाळेतली आपली नातवंडं यांचं मराठी अडखळणारच. आज हसलो तर उद्या ती येणार नाहीत.

४. समासावर चर्चा सुरू झाली की तेच चौघं बोलतात. त्यांनी (आम्हीही त्यात आलो) आधी थोडं थांबावं.

५. प्रत्येकाने ५ जणांची आठवण ठेवायची. लागोपाठ २ गुरुवार कोणी दिसलं नाही तर फोन करा किंवा घरी जा. ग्रुपवर विचारू नका.

*या आठवड्याचं चिंतन*

आपल्या केंद्रात शेवटच्या ओळीत कोण बसतं? त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे का? गेल्या महिन्यात यायचं कोण थांबलं, आणि ते आपल्याला माणसावरून कळलं की अडलेल्या कामावरून?

काका आजही खांबाला टेकूनच बसतात. सतरंज्यांच्या घड्या मात्र आता आम्ही सगळे मिळून घालतो.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏