लिव्हरची दुरुस्ती आणि स्टेम सेल

हिपॅटायटिसचा विषाणू, विष किंवा पॅरासिटामॉलच्या जादा गोळ्या यांमुळे लिव्हरला, म्हणजे यकृताला, अचानक इजा होते. पण लिव्हर स्वतःला दुरुस्त करू शकते. वाचलेल्या पेशी एकीच्या दोन होत मेलेल्यांची जागा भरून काढतात.

मग स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काय करतात? अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून काढलेल्या या पेशींनी प्राण्यांवरील प्रयोगांत लिव्हरचा दाह कमी केला आणि तिथल्या पेशींच्या वाढीला मदत केली. माणसांवर मात्र अजून चाचण्याच चालू आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त परवानगी असलेल्या चाचणीतच देता येतात. म्हणून आम्ही सांगतो, अशा इंजेक्शनसाठी कुणी लाखो रुपये मागितले तर दागिने गहाण टाकू नका.

डोळे पिवळे झालेला रुग्ण बरळू लागला, गुंगीत जाऊ लागला, तर त्याला लगेच मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. पॅरासिटामॉल जास्त पोटात गेले असेल, तर त्रास होण्याची वाट पाहू नका. त्यावर उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.